कपाटाला कुलूप आणि रजिस्टर उघडं: सार्वजनिक ग्रंथालयांनो, या चुका टाळा

अनेक सार्वजनिक वाचनालयांत आत शिरताच दोन गोष्टी दिसतात. टेबलावर देवघेवीचं रजिस्टर उघडं पडलेलं असतं आणि भिंतीला पुस्तकांची कपाटं कुलूपबंद उभी असतात. सही करायला वाकलेला सभासद आधीच्या दहा जणांनी काय नेलं ते सहज वाचतो, पण स्वतःला हवं असलेलं पुस्तक त्याला शिपायाकडे नाव सांगून मागावं लागतं. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक हवं असलेल्या बाईने आधी ते चारचौघांत बोलून दाखवायचं आणि मग ते तिच्या नावापुढे लिहिलं जाणार. ती मागतच नाही. पुस्तक कपाटात पडून राहतं आणि वर्षअखेरीला "या विषयाला मागणी नाही" म्हणून त्याची खरेदीही थांबते.

वाचकाची गोपनीयता आणि माहितीची मोकळीक या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. तो निकाल गावच्या वाचनालयाच्या काउंटरपर्यंत पोहोचायचा असेल तर पुढच्या चुका आधी दुरुस्त कराव्या लागतील. बहुतेक दुरुस्त्यांना पैसे लागत नाहीत.

चूक: सभासदाच्या नावाचं पान

खातेवही पद्धतीत प्रत्येक सभासदाला एक पान असतं. नेलेलं प्रत्येक पुस्तक त्यावर चढतं आणि परत आल्यावर नुसती आडवी रेघ मारली जाते. रेघेखालचं नाव वाचता येतंच. आठ-दहा वर्षांत ते पान म्हणजे त्या माणसाच्या आजारपणाचा, श्रद्धेचा, राजकीय मतांचा आणि घरातल्या अडचणींचा आलेख होऊन बसतं. हे कोणी मुद्दाम करत नाही, वहीची रचनाच तशी असते.

यावर जुना आणि चोख उपाय म्हणजे ब्राऊन पद्धत. तिच्यात इतिहास साठतच नाही:

1. सभासदाला एका वेळी जितकी पुस्तकं मिळतात तितकी छोटी खिसापाकिटं द्या. प्रत्येकावर सभासद क्रमांक आणि नाव.
2. प्रत्येक पुस्तकात दाखल क्रमांक (ग्रंथालयात आल्यावर पुस्तकाला दिलेला नोंद क्रमांक), लेखक आणि शीर्षक असलेलं एक ग्रंथपत्र ठेवा.
3. पुस्तक देताना ग्रंथपत्र सभासदाच्या पाकिटात सरकवा. ही जोडी ट्रेमध्ये परतीच्या तारखेच्या खुणेमागे, दाखल क्रमांकाच्या क्रमाने लावा.
4. पुस्तक परत आलं की जोडी सोडवा. ग्रंथपत्र पुस्तकात, पाकीट सभासदाच्या हातात.

जोडी सुटली की कोणी काय नेलं होतं याचा मागमूस उरत नाही. "मग आकडे कुठून आणायचे?" हा प्रश्न लगेच येतो, कारण वार्षिक अहवालात आणि तपासणीत देवघेवीची संख्या द्यावी लागते. त्या दिवशी दिलेल्या पुस्तकांच्या जोड्या ट्रेमध्ये लावण्याआधी मोजा आणि विषयवार संख्या रोजकीर्दीत लिहा. आकड्यासाठी नाव लागत नाही. या पद्धतीची एक उणीव मात्र खरी आहे. अमुक सभासदाकडे आत्ता कोणती पुस्तकं आहेत हे पटकन सांगता येत नाही, सगळा ट्रे चाळावा लागतो. छोट्या ग्रंथालयाला ही अडचण परवडते.

वही सोडणं शक्यच नसेल तर निदान रोजची सुटी पानं वापरा. नावाऐवजी सभासद क्रमांक आणि शीर्षकाऐवजी दाखल क्रमांक लिहा, क्रमांक-नावाची यादी काउंटरपासून दूर ठेवा. लिहिण्याचं काम कर्मचाऱ्याने करावं, वाचकापुढे वही फिरवू नये.

चूक: मागच्या पानावरचे सभासद क्रमांक

नेवार्क पद्धतीत, आणि तिच्या आपल्याकडच्या सरमिसळ रूपांत, ग्रंथपत्रावर किंवा तारीखचिठ्ठीवर (पुस्तकात चिकटवलेल्या, परतीच्या तारखांच्या कागदावर) सभासद क्रमांक लिहिला जातो आणि तो पुस्तकासोबत फिरतो. लहान गावात "214 म्हणजे अमक्यांची सून" हे सगळ्यांना ठाऊक असतं. तारीखचिठ्ठीवर फक्त तारखेचा शिक्का हवा. जुन्या चिठ्ठ्या एकदम बदलायला जाऊ नका, पुस्तक परत येईल तशी त्याची चिठ्ठी काढून नवी चिकटवा. आरोग्य, कायदा आणि मानसशास्त्र या कपाटांपासून सुरुवात करा.

राखून ठेवलेल्या पुस्तकांतून नावाची चिठ्ठी बाहेर डोकावते, तेही याच जातीचं. चिठ्ठीवर क्रमांकाचे शेवटचे तीन अंक पुरेत, आणि पुस्तक कणा आत करून ठेवा.

चूक: संगणकावर आलं म्हणजे सुरक्षित झालं, असं मानणं

इथे सर्वात जास्त फसगत होते. कागदावरची रेघ निदान दिसते, सॉफ्टवेअरमध्ये परत आलेल्या पुस्तकाची नोंद नजरेआड होते आणि जागेवर तशीच राहते. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे क्रमाने तपासावं.

आधी "अनामिक" नावाचा एक खोटा सभासद तयार करा आणि त्याचा क्रमांक 'ॲनॉनिमस पेट्रन' या सेटिंगमध्ये भरा. इथे कार्ड क्रमांक भरण्याची चूक नेहमी होते. कोहाला हवा असतो तो आतला बॉरोअर क्रमांक, जो सभासदाचं पान उघडल्यावर ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी दिसतो. हा क्रमांक चुकला आणि एखाद्या सभासदाने "माझा इतिहास कधीच ठेवू नका" हा पर्याय निवडला, तर पुस्तक परत घेताना अडचण येते. मग वैतागून ती सोयच बंद केली जाते. दोष सोयीचा नाही, क्रमांकाचा आहे.

त्यानंतर रोज रात्री 'बॅच ॲनॉनिमाइझ' ही स्क्रिप्ट, म्हणजे परत आलेल्या पुस्तकांच्या जुन्या नोंदींतला सभासद काढून तिथे हा "अनामिक" टाकणारा छोटा प्रोग्राम, आपोआप चालेल अशी व्यवस्था करा. दिवसांची मुदत 30 ठेवावी असं आमचं मत आहे. फाटलेली पानं किंवा तोडलेला नकाशा बहुधा पुढच्या वाचकाच्या हातात गेल्यावर कळतो, तेवढ्यापुरता मागचा सभासद माहीत असावा. वर्षभर नोंद ठेवायला मात्र कारण नाही.

एवढ्यावर लोक थांबतात. नावं आणखी जागी उरलेली असतात:

- देवघेवीचा लॉग. देण्याची आणि परतीची प्रत्येक क्रिया सभासद क्रमांकासह वेगळ्या तक्त्यात नोंदली जाते. 'इश्यू लॉग' आणि 'रिटर्न लॉग' बंद करा, नाहीतर जुने लॉग ठरावीक दिवसांनी साफ करा.
- सांख्यिकी तक्ता. यातही सभासद क्रमांक असतो. मासिक आकडे काढून घेतल्यावर जुन्या नोंदी काढून टाका.
- 'शेवटचा वाचक' साठवण्याची सेटिंग. ती बंद ठेवा.
- दंडाचं खातं. थकबाकीच्या नोंदीला पुस्तक जोडलेलं राहतं.
- बॅकअप. मुख्य डेटाबेस साफ झाला तरी दोन वर्षांपूर्वीच्या पेन ड्राइव्हवर सगळं जसंच्या तसं असतं. रोजचे 7 आणि आठवड्याचे 4 बॅकअप पुरेत, तेही पासवर्ड लावून. जुना बॅकअप परत चढवावा लागला तर आधी नावं पुसणारी स्क्रिप्ट चालवा, मग काउंटर उघडा.

सगळ्या कर्मचाऱ्यांनी एकाच 'ॲडमिन' नावाने आत जाणं तातडीने थांबवा. कोणी कोणाचं खातं उघडून पाहिलं हे मग कधीच कळत नाही. ई-ग्रंथालय किंवा दुसरी प्रणाली असेल तर पुरवठादाराला लेखी विचारा: परत आलेल्या पुस्तकाचा सभासदाशी संबंध कधी तुटतो, लॉगमध्ये काय राहतं, बॅकअप कोणाकडे असतो? तोंडी "सगळं सिक्युअर आहे" हे उत्तर धरू नका.

चूक: थकीत पुस्तकांची यादी फलकावर

नाव, पुस्तक आणि थकलेले दिवस फलकावर किंवा वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की पुस्तकं परत येतात, असा समज आहे. येतात, पण बरेचदा सभासदही जातो. स्मरणपत्र ज्याचं त्यालाच पाठवा आणि त्यात शीर्षक लिहू नका: "आपल्याकडील 2 पुस्तकांची मुदत संपली आहे" एवढंच. घरातला मोबाइल चार हातांत फिरतो. कोहाच्या सूचना-नमुन्यात शीर्षकाची जागा आधीच भरलेली असते, ती काढा. विलंब शुल्काच्या पावतीवरही "6 दिवस" एवढं पुरतं. पावत्या हिशेब तपासणीसाठी वर्षानुवर्षं जपल्या जातात, त्यावर पुस्तकाचं नाव कशाला?

सभासदत्वाच्या फॉर्मबद्दल थोडक्यात. जात, धर्म, उत्पन्न हे रकाने काढा. आधारची छायाप्रत ठेवू नका. पत्त्याचा पुरावा पाहा, "पाहिला" असं लिहा आणि परत द्या. कोणी आधारच देत असेल तर पहिले 8 अंक झाकलेलं मास्क्ड आधार घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 सालचा आहे आणि हेतू संपला की माहिती पुसावी, हे त्याचं सूत्र आहे. कागदी फॉर्म एक्सेलमध्ये चढवला की तीही डिजिटल माहिती होते. 18 वर्षांखालच्या सभासदासाठी हा कायदा पालकांची संमती मागतो, त्यासाठी फॉर्मवर वेगळी जागा ठेवा.

चूक: अभ्यासिकेतला संगणक आणि प्रिंटसाठीचा मोबाइल

भरतीच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून पाहा. गुणपत्रिका, जातीचे दाखले, बँक पासबुकं, सगळं तिथे असतं. व्हॉट्सॲप वेबही कोणाचं तरी चालू राहिलेलं असतं.

सार्वजनिक संगणकावर ब्राउझर पाहुणा पद्धतीतच (गेस्ट मोडमध्येच) उघडेल असं करा. पासवर्ड आणि फॉर्म लक्षात ठेवण्याची सोय बंद करा. पाहुणा पद्धत बंद झाली की इतिहास जातो, पण उतरवलेल्या फायली राहतात. म्हणून 'डाउनलोड्स', 'डेस्कटॉप' आणि रीसायकल बिन संगणक सुरू होताना रिकामे होतील असं वेगळं लावावं लागतं. मेमरी पुरेशी असेल तर रीस्टार्ट केल्यावर पूर्वपदावर आणणारं सॉफ्टवेअर सर्वात बिनघोर.

"प्रिंट हवी तर सरांच्या नंबरवर पाठवा" ही प्रथा बंद करा. लोकांची आधार कार्डं एका माणसाच्या खासगी गॅलरीत जमा होतात. ग्रंथालयाचा वेगळा फोन घ्या, मीडिया आपोआप गॅलरीत जाणं बंद करा आणि गायब होणाऱ्या संदेशांची मुदत 24 तास ठेवा. यूएसबी केबल असेल तर उत्तमच.

कॅमेरे दारावर आणि कपाटांमधल्या मार्गिकेच्या टोकाला ठेवा. शोध-संगणकाच्या पडद्यावर आणि वाचकाच्या टेबलावर रोखलेला कॅमेरा चोरी पकडत नाही, वाचन टिपतो.

चूक: विचारणाऱ्याला लगेच सांगून टाकणं

नवरा, सासरे, क्लासचे सर, शेजारी असे अनेक जण आपुलकीने विचारतात: "आमची काय वाचते हल्ली?" काउंटरवर एकच वाक्य ठरलेलं हवं: "दुसऱ्या सभासदाची माहिती आम्ही देत नाही, आपलीही कोणाला देत नाही." हे वाक्य शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना पाठ असू द्या, कारण पहिला प्रश्न बहुधा शिपायालाच येतो.

पोलीस आले तर गडबडून रजिस्टर पुढे करू नका आणि हुज्जतही घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 नुसार कागदपत्र सादर करायला न्यायालय समन्स काढू शकतं किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. तो लेखी कागद मागा, ग्रंथपालाने आणि कार्यवाहांनी तो वाचावा, वकिलाला दाखवावा. जितकं मागितलं आहे तितकंच द्या. एका सभासदाची एका तारखेची नोंद मागितली असताना वर्षाचं रजिस्टर देणं हा बाकीच्या सभासदांवर अन्याय आहे. दिलेल्या कागदाची प्रत आणि पोच ठेवा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: मागणी आल्यानंतर काहीही पुसायचं नाही. नष्ट करायचं ते ठरलेल्या वेळापत्रकानेच.

माहिती अधिकाराचा अर्ज आला की काही ठिकाणी सगळंच नाकारलं जातं, काही ठिकाणी सभासदांची यादी मोबाइल क्रमांकांसह दिली जाते. अनुदान किती आलं, कोणती पुस्तकं किती किमतीला घेतली, दाखल नोंदवही, कार्यकारी मंडळाचे ठराव हे उघडं असावं, विचारण्याआधी फलकावर असलं तर आणखी चांगलं. व्यक्तिगत माहितीसाठी 2005 च्या कायद्यात कलम 8(1)(ञ) ची सूट आहे. कोण काय वाचतं, हे तिथेच बसतं.

चूक: जुनी रजिस्टरं रद्दीत

रजिस्टरच्या पानाची पुडी होते आणि भेळेखाली सभासदाचं नाव येतं. कार्यकारी मंडळाचा ठराव घ्या, वर्षवार यादी करा, दोन पदाधिकाऱ्यांसमोर पानं फाडून भिजवून लगदा करा, यादीवर सह्या घ्या. वर्गणीच्या पावत्या आणि हिशेबाच्या वह्या यात मिसळू नका, त्यांची मुदत वेगळी असते.

आणि कुलूप

नोंदी कितीही नीट झाकल्या तरी पुस्तक बोलून मागावं लागत असेल तर निम्मं काम बाकी आहे. "आक्षेपार्ह" किंवा "नाजूक" म्हणून काउंटरमागे ठेवलेली पुस्तकं मांडणीवर आणा. मार्गिकेच्या टोकाला, काउंटरवरून दिसणार नाही अशा जागी, हातभर उंचीचा एक तक्ता लावा. ड्यूई वर्गीकरण (पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत) असेल तर त्यावर लिहा: व्यसनं 362.29, घटस्फोट 306.89, घटस्फोटाचा कायदा 346.0166, संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य 613.9, मानसिक आजार 616.89. वाचकाला कोणाला न विचारता तिथे पोहोचता येतं.

पुस्तकं चोरीला जातील ही भीती खरी आहे, ती मोजून पाहा. आरोग्याचं एकच कपाट उघडा. उघडण्याआधी दाखल क्रमांकानुसार साठा तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. किती पुस्तकं गेली आणि देवघेव किती वाढली, हे दोन आकडे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठेवा आणि मग दुसऱ्या कपाटाचा ठराव मांडा.