मोटर घूं घूं करते पण फिरत नाही? कंडेन्सर बदलताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका सुताराच्या मुलाचा सकाळीच फोन आला. "मामा, कटरची मोटर नुसती घूं घूं करत्या, फिरत न्हाई. कालच कंडेन्सर नवीन घातलाय." कितीचा घातलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पंख्याचा होता की घरात."

पंख्याचा कंडेन्सर अडीच एमएफडीचा (एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, कंडेन्सरची क्षमता मोजायचं माप). एक एचपीच्या त्या मोटरीला सुरू होताना शंभराच्या आसपास लागतो. अडीचनं ती कशी उठणार? बरं, उठत नसताना तिला तशीच घूं घूं करत ठेवणं त्याहून वाईट. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि बघता बघता वायंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, काळं पडतं. आवाज आला की लगेच स्विच बंद करा.

खरेदीला जाण्याआधी जुन्या कंडेन्सरवरचं लिखाण नीट वाचा. काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतो तो बहुधा स्टार्टिंगचा. त्यावर '८०-१००' असा आकडा आणि २७५ व्होल्टच्या आसपास काहीतरी लिहिलेलं असतं. तो दोन-तीन सेकंदांपुरताच कामाला येतो. रनिंगचा मात्र मोटर चालू असेपर्यंत सर्किटमध्ये असतो. त्याचे एमएफडी कमी, पण व्होल्ट ४४०, कारण लाइन २३० ची असली तरी त्याच्यावर दाब त्याहून जास्त येतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. "थोडा मोठा घाला, जोर वाढेल" हा सल्लाही ऐकू नका. एमएफडी मूळ आकड्याइतकेच ठेवा, व्होल्ट जास्त चालतील, कमी कधीच नाही. अक्षरं पुसली असतील तर मोटरीच्या पाटीचा फोटो काढून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या वायंडिंगवाल्याला दाखवा.

हातातल्या ड्रिल किंवा ग्राइंडरमध्ये हे शोधत बसू नका. कार्बन ब्रशच्या मोटरीला स्टार्टिंग कंडेन्सर नसतोच. तिथं आधी ब्रश बघा.

आता जिवाची गोष्ट. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये करंट साठलेला असतो. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण ती सोडा. होल्डरला दोन वायरी जोडून साठ किंवा शंभर वॅटचा साधा तारेचा पिवळा बल्ब दोन्ही टोकांना काही सेकंद लावा आणि मग मीटरवर डीसी व्होल्ट शून्य आहेत याची खात्री करा. नवा कंडेन्सर प्लगात खुपसून "चांगला आहे का" बघणाऱ्यांचा हात मी भाजलेला पाहिलाय. त्यापेक्षा एमएफडी मोजणारं मीटर घ्या. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे कंडेन्सर का गेला हे न विचारणं. स्टार्टिंगचा कंडेन्सर सहसा आपणहून जात नाही. मोटर पाऊण वेगाला पोचली की मागच्या बाजूचा सेंट्रिफ्युगल स्विच (वेगानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांमुळे उघडणारा) त्याला सर्किटमधून बाहेर काढतो. त्या स्विचचे पॉइंट चिकटले, तर कंडेन्सर आतच राहतो, तापतो, फुगतो आणि शेवटी फुटतो. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं तेव्हाही हेच होतं. २३० चे १८० झाले की मोटरीचा जोर साठ टक्क्यांवर येतो, ती वेग घेत नाही आणि स्विच उघडतच नाही.

खानापूरच्या त्या मोटरीचं मागचं झाकण मी स्वतः उघडलं. सागवानाचा भुसा पावसाच्या ओलीनं घट्ट होऊन स्विचच्या वजनांमध्ये पिठासारखा बसला होता. मऊ ब्रशनं झाडला, वजनं हातानं हलवून मोकळी केली, पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासले. मग शंभराचा कंडेन्सर घातला, पट्टा काढूनच मोटर सुरू केली आणि बंद केली. वेग उतरत आला तशी आतून स्वच्छ एक 'टक' ऐकू आली, म्हणजे उघडलेला स्विच परत जागेवर बसला. हा आवाज येईपर्यंत नवीन कंडेन्सरवर भरवसा ठेवू नका. तो आल्यावर मगच मी पट्टा चढवला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटनं कंडेन्सरचा आकडा लिहून ठेवला.