अणुरचनेच्या प्रश्नांत हमखास होणाऱ्या चुका: या टाळा

अणुरचनेवरचे प्रश्न म्हणजे बहुतेक वेळा साधी बेरीज-वजाबाकी. तरीही उत्तरं चुकतात, आणि बऱ्याचदा त्यामागचं कारण एकच असतं: प्रोटॉन किती हे पक्कं न करताच आकडेमोड सुरू केलेली असते. मूलद्रव्य कोणतं हे फक्त प्रोटॉन ठरवतात, वस्तुमान नव्हे. आवर्तसारणीत आर्गॉन (अणुवस्तुमान ३९.९५) पोटॅशियमच्या (३९.१०) आधी येतो तो त्यामुळेच. तो जड आहे खरा, पण त्याचे प्रोटॉन १८ आणि पोटॅशियमचे १९. म्हणून कुठलाही प्रश्न हातात घेतला की कागदावर पहिली ओळ प्रोटॉनची लिहा.

वरचा आकडा की खालचा?

पुस्तकात मूलद्रव्याच्या संज्ञेच्या डाव्या बाजूला वर अणुवस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) आणि खाली अणुअंक (प्रोटॉनची संख्या) लिहितात. भिंतीवरच्या आवर्तसारणीत मात्र अनेकदा अणुअंक वर आणि अणुवस्तुमान खाली असतं. जागा पाठ केली की इथे फसगत होते. कोणता आकडा मोठा ते बघा: अणुवस्तुमानांक अणुअंकापेक्षा लहान कधीच नसतो. साध्या हायड्रोजनमध्ये दोन्ही १, कारण त्यात न्यूट्रॉनच नाही. न्यूट्रॉनची संख्या ऋण आली, तर आकडे उलटे घेतलेत हे नक्की.

साडेअठरा न्यूट्रॉन

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५, अणुअंक १७, म्हणून न्यूट्रॉन १८.५. असं उत्तर आलं की थांबा, अर्धा न्यूट्रॉन कुठेच नसतो. ३५.५ ही सरासरी आहे. निसर्गात क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ ही समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) साधारण ३:१ प्रमाणात सापडतात. तीन वेळा ३५ आणि एकदा ३७ मिळून १४२, भागिले ४, म्हणजे ३५.५. प्रत्यक्षातल्या अणूत न्यूट्रॉन १८ असतील किंवा २०. न्यूट्रॉन काढायचे तर त्या विशिष्ट समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक हवा.

आयन झाला की सगळंच बदलतं?

आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून प्रभारित झालेला अणू. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सोडियम आयनावर +१ प्रभार दिसला की विद्यार्थी एक प्रोटॉन वाढवतात. रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला धक्का लागत नाही, देवाणघेवाण फक्त इलेक्ट्रॉनची. सोडियमचे प्रोटॉन ११ ते ११च. एक इलेक्ट्रॉन गेला, १० उरले, म्हणून एक धनप्रभार शिल्लक. अधिक चिन्ह म्हणजे इलेक्ट्रॉन कमी आणि वजा चिन्ह म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त, हे उलटं वाटतं खरं. पण इलेक्ट्रॉन स्वतः ऋण आहे हे आठवलं की चिन्ह पाठ करावं लागत नाही.

पुढची चूक याच्याच पोटातली: ‘सोडियम आयनात १० इलेक्ट्रॉन, निऑनमध्येही १०, म्हणजे सोडियमचा निऑन झाला.’ नाही. सारखं झालं ते इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनची मांडणी. ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम या पाचही आयनांत इलेक्ट्रॉन १०च आहेत. प्रोटॉन मात्र ८, ९, ११, १२, १३. तेवढ्याच इलेक्ट्रॉनना जास्त प्रोटॉन ओढत असल्यामुळे या क्रमाने आयनाचा आकार लहान होत जातो. हे नीट समजलं की आयनांच्या आकाराचे प्रश्न घोकावे लागत नाहीत.

पोटॅशियमचं २, ८, ९

केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचांत, म्हणजे थराथरांत असतात. तिसऱ्या कवचाची क्षमता १८, म्हणून १९ इलेक्ट्रॉन २, ८, ९ असे भरले जातात, आणि उत्तर चुकतं. कवच क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट ही कमाल क्षमता झाली. पण सर्वांत बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत. त्यामुळे पोटॅशियम २, ८, ८, १ आणि कॅल्शियम २, ८, ८, २. तिसरं कवच पुढे भरू लागतं ते स्कँडियमपासून: २, ८, ९, २.

आकृतीवर किती विश्वास ठेवायचा?

गोल कक्षांची आकृती इलेक्ट्रॉन मोजण्यापुरती चांगली. अणूचा व्यास केंद्रकाच्या साधारण लाखपट असतो. केंद्रक १ सेंटीमीटरचं काढलं तर अणूसाठी १ किलोमीटर रुंद कागद लागेल. शिवाय इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने फिरत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं.

उत्तर तपासताना

समजा, सल्फर-३४ चा सल्फाइड आयन दिला आहे. पहिली ओळ: प्रोटॉन १६. न्यूट्रॉन ३४ − १६ = १८. प्रभार −२, म्हणून इलेक्ट्रॉन १६ + २ = १८. आता उलटी पडताळणी करा: प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन म्हणजे १६ − १८ = −२, दिलेला प्रभार जुळला; प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन ३४, तेही जुळलं. इथे न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही १८ आले हा निव्वळ योगायोग आहे. सल्फर-३२ घेऊन हेच गणित पुन्हा केलंत तर न्यूट्रॉन १६ होतील, इलेक्ट्रॉन मात्र १८च राहतील.