गायमुखच्या चढावर गाडी दम टाकते? इंजिनचा डिझेल पंप उतरवण्याआधी हे बघा

ठाण्याच्या घोडबंदर रोडने जाताना गायमुखच्या चढावर जुनी डिझेल गाडी ओढ सोडत असेल, तर आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक डिझेल पाइप जोडून इंजिन चालवा. बुडबुडे सतत येत असतील तर टाकीकडून येणारी डिझेलची लाइन हवा ओढतेय. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, फिल्टरचे वॉशर तपासा. हवा आत जाते तिथे डिझेल गळेलच असं नाही, म्हणून हे दुखणं हमखास नजरेतून सुटतं. बुडबुडे नसतील तर फिल्टर आणि टाकीतली जाळी तुंबलीय का बघा. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीची हाय प्रेशर लाइन मात्र घरी अजिबात सोडवू नका.