युद्ध, साथ आणि देव: ग्रीक इतिहासकार वाचायला बसलेल्यांसाठी

ग्रीक इतिहासाकडे नव्याने वळणाऱ्यांना मी नेहमी एक विनंती करते: ‘हिरोडोटस देवभोळा, थ्युसिडिडीस बुद्धिवादी’ हे या दोन प्राचीन ग्रीक इतिहासकारांबद्दलचं वाक्य वहीत उतरवून घेऊ नका. परीक्षेत त्याला मार्क मिळतीलही, पण मूळ ग्रंथ उघडला की ते टिकत नाही.

सुरुवात थ्युसिडिडीसच्या दुसऱ्या खंडातल्या ४७ ते ५४ या प्रकरणांपासून करा. इंग्रजी अनुवाद चालेल, मात्र प्रकरणांचे आकडे छापलेली आवृत्तीच घ्या. पुढे सगळे संदर्भ त्याच आकड्यांनी शोधावे लागतात. साल इ.स.पू. ४३०, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपनीशियन युद्धाचं दुसरं वर्ष. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या धोरणामुळे खेड्यापाड्यांतली माणसं अथेन्सच्या तटाआड येऊन भर उन्हाळ्यात कोंदट झोपड्यांत राहत होती. साथ आधी पिरीअस बंदरात आली आणि शत्रूने हौदांत विष कालवल्याची आवई उठली. थ्युसिडिडीसला स्वतःला हा रोग झाला होता. कारणांचा तर्क ज्याचा त्याने करावा, मी लक्षणं लिहितो, म्हणजे पुन्हा साथ आली तर ओळखता येईल, असं तो म्हणतो. लोकांनी देवळांत गाऱ्हाणी घातली, कौल लावले, कशाचाच उपयोग झाला नाही. रोग्यांच्या सर्वांत जवळ जाणारे वैद्यच सर्वाधिक मेले. देवाला मानणारे आणि न मानणारे सारखेच मरतात हे पाहून लोकांना देवाचा धाक उरला नाही.

बहुतेक विद्यार्थी इथेच पुस्तक मिटतात. कृपा करून ५४वं प्रकरण वाचा. युद्धाआधी डेल्फीच्या अपोलोने स्पार्टाला कौल दिला होता की मी तुमच्या बाजूने उभा राहीन. अथेन्समध्ये लोकांना आता तो आठवला. थ्युसिडिडीस त्याची खिल्ली उडवत नाही. पेलोपनीशियन सैन्य ॲटिकात, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, घुसताच साथ सुरू झाली आणि पेलोपनीजमध्ये, म्हणजे स्पार्टाच्या बाजूच्या द्वीपकल्पात, ती म्हणण्यासारखी शिरली नाही, एवढं नोंदवून तो पुढे जातो. माझ्या मते तो कौल खरा मानत नाही, पण लोकांना तो खरा का वाटला हे वाचकापासून लपवतही नाही. हा संयम मला फार मोठा वाटतो.

आता हिरोडोटस. त्याला वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि ‘लोक म्हणतात’ व ‘मला वाटतं’ या जागांवर वेगवेगळ्या खुणा करा. इ.स.पू. ४८०मध्ये वादळाने ग्रीसवर चालून आलेलं पर्शियन आरमार फोडलं. पर्शियनांच्या मागी पुरोहितांच्या यज्ञांनी ते चौथ्या दिवशी शमलं, असं तो लिहितो आणि लगेच जोडतो: किंवा ते आपोआपच शमलं असेल. पर्शियाचा राजा झर्क्सीस याचं माघारी जाणारं सैन्य गवत आणि झाडांच्या साली खात होतं, त्यात साथ आणि हगवण लागली. तिथे तो कुठल्याही देवाला मध्ये आणत नाही. पोटिडिया या ग्रीक शहरापाशी समुद्र चढून पर्शियन बुडाले, तेव्हा मात्र हा समुद्रदेव पोसायडनच्या देवळाच्या विटंबनेचा कोप, हे स्थानिकांचं म्हणणं त्याला पटतं. म्हणजे तो प्रत्येक प्रसंग वेगळा तोलतो.

रोग नेमका कोणता होता, या वादात सुरुवातीलाच अडकू नका. अथेन्सच्या सामूहिक कबरीतल्या दातांवरून २००६मध्ये टायफॉइडचा दावा झाला, त्यावर लगेच आक्षेपही आले. विषय रंजक आहे, पण तो प्रश्न वेगळा.

नंतरचा ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याच्या ३६व्या खंडात तर देवाचं नाव कधी घ्यावं याचा नियमच सापडतो: अतिवृष्टी, अवर्षण, साथ यांचं कारण माणसाला सापडत नसेल तर देवाचं नाव घ्यायला हरकत नाही, पण ग्रीसची लोकसंख्या घटली ती लोक लग्नं टाळतात, मुलं वाढवत नाहीत म्हणून, त्यासाठी कौल कशाला लावायचा?

एवढं झालं की आणखी एक ग्रीक इतिहासकार डायोडोरस याच्या १४व्या खंडातलं ७०वं प्रकरण स्वतः सोडवून पाहा. इ.स.पू. ३९६मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराला वेढा घालणाऱ्या, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याने डिमीटर आणि कोरे या देवींचं देऊळ लुटलं आणि छावणीत साथ पसरली. डायोडोरस तिला दैवी आपत्ती म्हणतो आणि त्याच दमात गर्दी, कडक उन्हाळा व दलदलीची जागा हीही कारणं देतो. याच जागी पूर्वी अथेन्सचं सैन्यही आजारी पडून मेलं होतं, हेसुद्धा सांगतो. यातलं कुठलं कारण त्याला जास्त जड वाटतं, ते त्याच्या वाक्यांच्या क्रमावरून ठरवा.