मातीवर धावणारा घोडा गवतावर चालेल का? असं पारखा

माळेगावच्या यात्रेत जाणकार आधी घोड्याचा पाय उचलून खूर बघतो. मातीच्या धावपट्टीवर शर्यती जिंकणारा अमेरिकी घोडा परदेशी गवतावर टिकेल का, हे ठरवतानाही सुरुवात तिथूनच करा. रुंद, ताटलीसारखा खूर असेल तर आशा ठेवा. मग चाल बघा. गुडघा उंच उचलणारा ओल्या गवतावर बरा, जमिनीलगत पाय टाकणारा टणक गवतावर. अर्थात हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे.

नाल बदला. टोकाला पकडीचा कंगोरा असेल तर ती काढून सपाट, हलकी ॲल्युमिनियमची बसवा.

सगळ्यात जास्त फसतं ते वेगाचं गणित. मातीवर मागच्याच्या तोंडावर ढेकळं उडतात, म्हणून सुटताक्षणी पुढे काढायची सवय लागते. गवतावर दम राखावा लागतो. खरी झेप शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत (फर्लांग म्हणजे सुमारे २०१ मीटर). त्यामुळे सरावात घोडा दुसऱ्यांच्या मागे शांत धावतो का, ते आधी तपासा.

अमेरिकेत वळणं डावीकडे, तर इंग्लंडमधल्या ॲस्कॉट रेसकोर्सला आणि आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सलाही उजवीकडे. उजवा पाय पुढे टाकून वळायचा सराव आधीपासून हवा.

सेक्रेटेरियट हा अमेरिकी घोडा १९७३ मध्ये कॅनडात गवतावर जिंकला. २०११ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मातीवरची मोठी शर्यत जिंकलेला ॲनिमल किंगडम २०१३ मध्ये ॲस्कॉटला मागे पडला. गवत त्याला नवं नव्हतं. २०१२च्या ब्रीडर्स कप माईल या अमेरिकी शर्यतीत गवतावरच तो दुसरा आला होता. ॲस्कॉटला मात्र तो सुरुवातीलाच लगाम ओढत राहिला.