जर्मन नागरिकत्वाची परीक्षा : ३३ प्रश्नांपलीकडचा अभ्यास

जर्मनीत नागरिकत्वासाठी परीक्षा द्यावी लागते असे कळले की आपल्याकडून आलेला माणूस आधी प्रश्नसंच शोधतो. मीही तेच केले. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, धाकटा भाऊ त्या काळात एमपीएससीची तयारी करीत होता, आणि मागील वर्षांचे प्रश्न घोकून काढले की कोणतीही परीक्षा सुटते यावर आमच्या घरात सर्वांचाच विश्वास होता. एप्रिल २०१७ मध्ये मी पतीच्या नोकरीमुळे स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नागरिकत्वाचे प्रमाणपत्र माझ्या हाती पडले. या साऱ्या काळात ती ३३ प्रश्नांची परीक्षा हा सर्वांत सोपा टप्पा होता. जे खरोखर अवघड होते त्याला मी फार उशिरा हात घातला, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगते. ‘लेबेन इन डॉइचलांड’, म्हणजे ‘जर्मनीतील जीवन’, असे तिचे नाव आहे. एकूण ३१० प्रश्नांचा संच जाहीर केलेला असून त्यातील ३०० प्रश्न सर्वांसाठी समान, तर १० प्रश्न आपण ज्या राज्यात राहतो त्या राज्याविषयीचे असतात. प्रत्यक्ष परीक्षेत ३० सामान्य आणि ३ राज्याचे असे ३३ प्रश्न येतात, प्रत्येकाला चार पर्याय असतात आणि वेळ ६० मिनिटे मिळतो. नागरिकत्वासाठी १७ उत्तरे बरोबर यावी लागतात. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी १५ पुरतात. शुल्क २५ युरो आहे. संपूर्ण संच न्युर्नबर्ग येथील संघीय स्थलांतर कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही. परीक्षा बहुधा ‘फोल्क्सहोखशूले’ या प्रौढ शिक्षणाच्या केंद्रांत होते आणि मोठ्या शहरांत तारखेसाठी काही आठवडे, कधी काही महिने थांबावे लागते, तेव्हा अर्जाची घाई सुरू होण्यापूर्वीच तारीख घेऊन ठेवावी. प्रमाणपत्राला मुदत नसते. मी २०२२ मध्ये मिळवलेले प्रमाणपत्र नंतर नागरिकत्वाच्या अर्जालाही चालले.

आता भाषेविषयी. युरोपात भाषेचे ज्ञान ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांत मोजतात; नागरिकत्वासाठी त्यातली तिसरी, जर्मनची बी-१ पातळी लागते, आणि माझी खरी अडचण तिथेच झाली. माझ्या पतीने पुण्यात असतानाच रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्गांत जर्मन शिकायला सुरुवात केली होती. त्यांच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असल्याने पत्नी म्हणून माझ्या व्हिसाला भाषेची अट नव्हती, आणि मी ‘गुटेन टाग’ एवढ्या भांडवलावर येथे उतरले. ही सवलत वाटते तितकी हिताची नाही. अट नसल्यामुळे शिकण्याची निकड वाटत नाही, आणि पहिले वर्ष मराठी मंडळींत, इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांत आणि सांगलीच्या फोनवर निघून जाते.

२०१८ मध्ये मी ‘इंटेग्रात्सिओन्सकुर्स’ या सरकारी वर्गाला प्रवेश घेतला. त्यात ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाचा कायदा, इतिहास व समाज यांच्या परिचयाचे असतात. व्याकरणात मी वर्गात पुढे होते. आपल्या शालेय शिक्षणाने नियम पाठ करण्याची सवय लावलेली असते आणि संस्कृतच्या विभक्ती शिकलेल्या माणसाला जर्मनमधील चार विभक्तींची भीती वाटत नाही. परंतु वर्गाच्या शेवटी जी भाषापरीक्षा होते तिच्या गुणपद्धतीकडे मी लक्षच दिले नव्हते. तिचे तीन भाग असतात : ऐकणे व वाचणे, लिहिणे आणि बोलणे. एकूण निकाल बी-१ यायचा असेल तर बोलण्यात बी-१ मिळालेच पाहिजे, आणि उरलेल्या दोन भागांपैकी किमान एकात मिळाले पाहिजे. म्हणजे लेखन आणि वाचन उत्तम असूनही बोलण्यात कमी पडलात तर एकूण निकाल एक पायरी खालचा, ए-२ येतो. माझे नेमके तसेच झाले.

ती तोंडी परीक्षा दोघांनी मिळून द्यायची असते. माझ्यासोबत सीरियातून आलेल्या एक बाई होत्या. एका सहकाऱ्याच्या निरोपाचा कार्यक्रम दोघींनी बोलून ठरवायचा होता. त्या बाईंनी भेटवस्तू, केक, जागा, वेळ असे धडाधड विचारायला सुरुवात केली. त्यांच्या बोलण्यात नामांची लिंगे चुकत होती, क्रियापदे जागेवर नव्हती, पण बोलणे थांबत नव्हते. मी मात्र ‘भेटवस्तू’ या शब्दाचे लिंग मनाशी पक्के करून, मग त्याची विभक्ती लावून, मग वाक्य उच्चारत होते. प्रत्येक उत्तराआधी पडणारी ती शांतता आजही मला आठवते. निकाल लागला तेव्हा त्यांना बी-१ मिळाले होते आणि मला ए-२. मला फार वाईट वाटले, परंतु परीक्षकांचे काही चुकले नव्हते. निरोपाचा कार्यक्रम त्या बाईंनी ठरवला होता. मी केवळ होकार देत होते.

ज्यांना बी-१ मिळत नसे त्यांना त्या काळी आणखी ३०० तासांच्या वर्गाची संधी होती. मध्ये मुलीचा जन्म झाला, मग करोनाची साथ आली, आणि मला बी-१ मिळायला २०२१ उजाडले. त्या वेळी उपयोगी पडला तो वर्ग कमी आणि आमच्या इमारतीतील जिना अधिक. आमच्या स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागात ‘केरवोखे’ नावाची प्रथा आहे : ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी अडकवली जाते आणि त्या आठवड्यात जिना, दारापुढचा भाग व पदपथ त्या घराने स्वच्छ करायचा असतो. समोरच्या घरातील आजी पाटी हस्तांतरित करायला येत, तेव्हा मी मुद्दाम बोलणे वाढवू लागले. त्या श्वाबी बोलीत बोलत, निम्मे कळत नसे. मी पुन्हा विचारे, त्या पुन्हा सांगत. चुकीच्या लिंगासह बोलण्याची लाज तिथे गेली. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येक जोडीदाराला, विशेषतः नोकरीविना येणाऱ्या आपल्या मुलींना, माझे कळकळीचे सांगणे आहे की पहिल्याच महिन्यात वर्गात नाव घाला आणि पहिल्याच महिन्यापासून चुकीचे का होईना पण बोला.

बी-१ हाती आल्यावर ३३ प्रश्नांकडे वळले. पाठ करून ही परीक्षा निश्चित सुटते, आणि केवळ उत्तीर्ण होणे एवढाच हेतू असेल तर तीन आठवडे रोज तासभर पुरेसा आहे. राज्याचे दहा प्रश्न तर एका संध्याकाळी होतात : आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची विधानसभा पाच वर्षांसाठी निवडली जाते, स्थानिक निवडणुकीत १६व्या वर्षापासून मत देता येते, अशा स्वरूपाचे ते असतात. परंतु काही प्रश्न मला नुसते पाठ करून सोडून देता आले नाहीत.

भारतीय घटनेत आणीबाणीच्या काळात मूलभूत अधिकार स्थगित करण्याची तरतूद जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेवरून घेतली आहे, हे भावाच्या तोंडून मी कितीतरी वेळा ऐकले होते. त्याच्यासाठी तो एका गुणाचा प्रश्न होता. येथे अभ्यास करताना कळले की फेब्रुवारी १९३३ मध्ये राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग लागली, तिच्या दुसऱ्याच दिवशी याच वायमार घटनेतील ४८व्या कलमाच्या आधारे नागरिकांचे मूलभूत अधिकार स्थगित करण्यात आले आणि हिटलरच्या हुकूमशाहीचा रस्ता मोकळा झाला. १९४९ च्या ‘ग्रुंडगेझेट्स’मध्ये, म्हणजे आजच्या मूलभूत कायद्यात, ‘मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे’ हे वाक्य अगदी पहिल्या कलमात का आहे, आणि संसदेत कितीही मोठे बहुमत असले तरी त्या कलमातील तत्त्वांना हात लावता येणार नाही अशी तरतूद का केली आहे, हे मग वेगळे पाठ करावे लागले नाही. ९ नोव्हेंबर १९३८ (ज्यूंवरील हल्ल्यांची रात्र), १७ जून १९५३ (पूर्व जर्मनीतील उठाव), १३ ऑगस्ट १९६१ (बर्लिनची भिंत उभारायला सुरुवात), ९ नोव्हेंबर १९८९ (ती भिंत खुली झाली), ३ ऑक्टोबर १९९० (जर्मनीचे एकीकरण) या तारखाही अशाच एका सूत्रात बसतात. त्याच सुमारास मुलीला बालवाडीतून आणताना नाझींच्या बळींच्या स्मरणार्थ पदपथात बसवलेले हाताच्या पंज्याएवढे पितळी दगड मी प्रथम थांबून वाचले. ‘येथे राहत होते’ अशी सुरुवात, खाली नाव, जन्मवर्ष, कोठे नेले आणि कोठे मारले ते वर्ष. त्या वाटेने मी चार वर्षे जात होते.

२०२४ मध्ये या संचात ज्यू जीवन, इस्रायल आणि ज्यूंच्या संहाराला नाकारण्याचा गुन्हा यांविषयीचे नवे प्रश्न घालण्यात आले. त्याच वर्षी २७ जूनपासून लागू झालेल्या नव्या नागरिकत्व कायद्यानुसार अर्जदाराला नाझी राजवटीच्या अन्यायाविषयी जर्मनीची जी विशेष ऐतिहासिक जबाबदारी आहे ती मान्य असल्याचे निवेदनही द्यावे लागते. अर्ज घेताना माझ्याशी याविषयी चार वाक्ये बोलण्यात आली. जुना संच किंवा कोणा मित्राने दिलेल्या टिपा वापरू नयेत, हे यासाठीही सांगते.

या कायद्याने वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आली आणि आधीचे नागरिकत्व सोडण्याची जर्मनीची अट गेली. बी-१ च्या दोन पायऱ्या वरची सी-१ भाषा आणि विशेष कामगिरी असल्यास तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची वाटही तेव्हा उघडली होती, ती मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. ओळखीतील एक तरुण अभियंता त्याच वाटेसाठी दोन वर्षे सी-१ चा अभ्यास करीत होता आणि अर्जाआधीच नियम बदलला. भाषा वाया गेली नाही, पण त्याचे सगळे बेत कोलमडले. सवलतीच्या वाटेवर सगळा भार टाकू नये.

कागदपत्रांत आपल्या नावांचा प्रश्न येतो. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते, आणि जर्मन कार्यालय त्याला माणसाचे स्वतःचे दुसरे नाव समजते. माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर पतीचे, आणि पदवी प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव अशी स्थिती होती. विवाह प्रमाणपत्र आणि मराठी जन्मदाखला यांचे शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून, सोबत नावपद्धतीचा खुलासा जोडल्यावर ते निस्तरले. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर कोणत्या कागदावर कोणते नाव राहील हे भारतातून निघण्यापूर्वीच ठरवा.

सर्वांत मोठा निर्णय मात्र परीक्षेत विचारला जात नाही. जर्मनी आता दोन नागरिकत्वे चालवून घेते, भारत घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे कार्ड मिळू शकते, पण मताधिकार राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाने मात्र येऊ शकते. पतीच्या चुलत भावाची लगतची शेती विकत घेण्याचा विचार आमच्या घरी अनेक वर्षे चालू आहे. म्हणून माझ्या पतीने कायम वास्तव्याच्या परवान्यावर भारतीय राहायचे ठरवले. मी येथेच नोकरी करते आणि मला मत द्यायचे होते, म्हणून मी मुलीसह अर्ज केला. माझे शुल्क २५५ युरो आणि तिचे ५१. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. कार्यालयात रांग लावण्याआधी सासर-माहेरच्या मोठ्यांसह ही चर्चा झालेली असावी, कारण सासऱ्यांना हे समजावून सांगायला आम्हांला दोन उन्हाळी सुट्ट्या लागल्या.

शेवटची सूचना तारखांविषयी आहे. प्रमाणपत्र हातात पडले त्या क्षणी माझे भारतीय नागरिकत्व संपले आणि जुना पासपोर्ट प्रवासाला निरुपयोगी झाला. जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा केल्याचे प्रमाणपत्र, मग ओसीआय अशी ही रांग आहे आणि तिला महिने लागतात. मी डिसेंबरमध्ये भाच्याच्या लग्नासाठी तिकिटे काढून ठेवली होती. अक्षता मी फोनच्या पडद्यावर पाहिल्या. प्रमाणपत्राचे पत्र येण्याची शक्यता असेल त्या अर्ध्या वर्षात भारतात जाण्याचा कोणताही बेत पक्का करू नये.