ओतीव जपानी नाणी जमवताना
संग्रहाची सुरुवात १६३६ पासून मोठ्या प्रमाणावर ओतल्या गेलेल्या ‘कान्एई त्सूहो’ या चौकोनी छिद्राच्या नाण्याने करावी, कारण ते विपुल असल्याने स्वस्त मिळते. प्रथम मागील बाजू पाहावी: १६६८ पासूनच्या काही नाण्यांवर ‘बुन’ हे अक्षर असते, तर चार मोनच्या (मोन हे जुने जपानी चलन-एकक) पितळी नाण्यांवर लाटा असतात, त्या २१ असतील तर नाणे १७६८ च्या सुमाराचे, ११ असतील तर त्यानंतरचे. नाणे चुंबकाला चिकटले म्हणून ते बनावट ठरवू नये, कारण लोखंडी नाणीही अधिकृतपणे ओतली जात. नागपूरच्या इतवारी बाजारात नेऊन नाणी चकाकवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. नागपुरात पावसाळ्याइतकीच उन्हाळ्यातील कूलरची दमट हवाही घातक, असे माझे मत आहे. म्हणून नाणी पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह, कूलरपासून दूर ठेवावीत.